एकोणतीस, एकवीस आणि आमची गाळलेली दोन नावे



गेल्या कोजागिरीला मसाला दूध आटत असताना आमच्यातल्या एकांच्या नातीने विचारले, "आजोबा, तुम्ही शिकागोत नवीन होता तेव्हा इथे काय चालले होते?" तिला शाळेसाठी गावाच्या इतिहासावर चार पाने लिहायची होती. आजोबांनी सवयीप्रमाणे १९७९ च्या हिमवादळापासून सुरुवात केली. गाडी कशी गाडली गेली, दूध आणायला मैलभर कसे चालत गेलो, वगैरे वगैरे. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "अहो, बर्फ सगळेच सांगतात. तिला ते एकोणतीस-एकवीस सांगा की!" झाले. दूध उतू गेले तरी बोलणे थांबेना, आणि सगळ्यांची बोलणी एकमेकांत अडकून नातीच्या हाती काहीच लागेना. म्हणून ठरले की ते नीट लिहून काढायचे. हा लेख तिच्यासाठी, आणि तिच्या वयाच्या सगळ्याच मुलांसाठी. आपण इथे फक्त नोकरी करायला आणि इडलीचे पीठ आंबत का नाही याची चर्चा करायला आलो, असे त्यांना वाटू नये एवढीच इच्छा.

पण सुरुवात आमच्या एका चुकीपासून करायला हवी.

१९८० साली आम्ही तीन मराठी बिऱ्हाडे डिव्हॉन अ‍ॅव्हेन्यूच्या मागच्या एका गल्लीत, एकाच इमारतीत राहत होतो. (डिव्हॉनला आपण सगळे 'दिवान' म्हणतो आणि गंमत म्हणजे जुने शिकागोकरही जवळपास तसेच म्हणतात.) पटेल बंधूंचे दुकान १९७४ पासून तिथे होतेच, त्यामुळे तूरडाळीची चिंता मिटली होती. एप्रिलच्या सुमारास खानेसुमारीचा फॉर्म टपालाने आला. त्यात 'एशियन इंडियन' असा वेगळा चौकोन होता. आधीच्या, १९७० च्या खानेसुमारीत आपल्या लोकांना 'गोरे' या सदरात टाकले होते! तेव्हा १९८० साली अमेरिकेने आपल्याला पहिल्यांदा आपल्या नावाने मोजले. तो चौकोन भरताना एक विचित्र आनंद झाला होता, हे आजही आठवते.

मात्र माणसांची नावे लिहायच्या ठिकाणी पेन थबकले. भाडेकरारात लिहिले होते चार माणसे. राहत होतो सहा. कॉलेजात शिकणारा भाचा दिवाणखान्यात सोफ्यावर झोपायचा, आणि नवीन नोकरी लागलेला एक इंजिनिअर मित्र मुलांच्या खोलीत गादी टाकायचा. घरमालकाला कळले तर? रात्री तिन्ही बिऱ्हाडांची बैठक झाली आणि एकमताने ठरले: दोन नावे गाळायची. उगाच विषाची परीक्षा कशाला? या कागदावरची माहिती घरमालकालाच काय, दुसऱ्या सरकारी खात्यालाही देता येत नाही असा कायदा आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी विश्वास बसला असता की नाही, देव जाणे.

त्या दोन नावांनी काय बिघडले, हे समजायला आम्हाला सहा वर्षे लागली.

शिकागोत ५० वॉर्ड. प्रत्येक वॉर्डाचा एक ऑल्डरमन, म्हणजे आपला नगरसेवक. रस्त्यावरचा बर्फ कधी काढायचा, कचऱ्याचे डबे कोणाला मिळायचे, दुकानाच्या परवान्याचा कागद कोणत्या टेबलावर किती दिवस झोपायचा, यात त्याचा शब्द चालायचा. रिचर्ड जे. डेली १९५५ पासून १९७६ साली मरेपर्यंत मेयर होते. त्यांच्या काळात हे सगळे ऑल्डरमन एका यंत्राचे दाते असल्यासारखे फिरत. इथे त्याला 'मशीन'च म्हणतात. डेलींनंतर मायकल बिलँडिक आले आणि त्या १९७९ च्या बर्फाने त्यांची खुर्ची नेली. जेन बर्न निवडून आल्या. म्हणजे आजोबांचे हिमवादळ अगदीच अस्थानी नव्हते.

आता नकाशा. दर दहा वर्षांनी खानेसुमारी झाली की वॉर्डांच्या सीमा नव्याने आखायच्या, कारण प्रत्येक वॉर्डात साधारण सारखी माणसे हवीत. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण आमच्याही ती फार उशिरा लक्षात आली: सीमा आखताना मोजतात ती माणसे. मतदार नव्हेत. तान्हे बाळ, ग्रीन कार्डवाली आजी, कॉलेजात शिकायला आलेला भाचा, नागरिकत्वाचा अर्ज न केलेला कामगार, सगळी डोकी सारखी. मत द्यायचा हक्क नसलेला माणूसही नकाशात जागा अडवतो.

१९८० च्या मोजणीत शिकागोची वस्ती तीस लाखांच्या थोडी वर निघाली. गोरे ४३ टक्के, काळे जवळजवळ ४० टक्के, स्पॅनिश बोलणारे १४ टक्के, म्हणजे सुमारे ४ लाख २२ हजार. दहा वर्षांत गोरी वस्ती उपनगरांकडे गेली होती आणि उरलेल्या दोघांची वाढली होती. साध्या त्रैराशिकाने पन्नासपैकी वीस जागा काळ्यांच्या आणि सात लॅटिनोंच्या आसपास यायला हव्या होत्या. १९८३ च्या निवडणुकीनंतर प्रत्यक्षात आल्या सोळा आणि एक.

हे कसे साधते? नकाशा आखणाऱ्याच्या हातात दोन युक्त्या असतात, फोडणे आणि कोंबणे. समजा एका भागात तुमच्या लोकांची सलग वस्ती आहे. तिच्यावरून तीन रेघा ओढल्या की तीन वॉर्डांत तुम्ही तिसऱ्या हिश्शाला, कुठेच बहुमत नाही. हे झाले फोडणे. नाहीतर तुमची सगळी माणसे एकाच वॉर्डात नव्वद टक्क्यांपर्यंत भरायची, म्हणजे एक जागा तुम्हाला देऊन आजूबाजूच्या चार आपल्याला. हे कोंबणे. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना हे शिकवायला नकोच. तिकडे प्रभागरचना जाहीर झाली की आधी निकालाचा अंदाज बांधतात, मग उमेदवारांची नावे विचारतात. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि प्रभाग २२७ की २३६ व आरक्षण किती, या घोळात निवडणूक वर्षानुवर्षे लांबली, ते आपण इथे बसून वाचतच होतो.

शिकागोचा १९८१ चा नकाशा आखला टॉमस कीन यांनी. हे गृहस्थ एके काळी डेलींच्या खालोखाल वजनदार ऑल्डरमन होते, १९७४ साली लबाडीच्या खटल्यात दोषी ठरून तुरुंगात जाऊन आले होते, आणि तरीही शहराचा नकाशा आखायला त्यांच्याइतका जाणकार कोणी नव्हता! प्रत्येक गल्लीत कोण राहतो, हे त्यांना पाठ होते म्हणे. शहरातली काळी वस्ती वाढली असताना काळ्यांचे बहुमत असलेल्या वॉर्डांची संख्या या नकाशात घटली. लॅटिनो वस्ती तर अशी वाटली गेली की कुठेच धड जोर राहू नये.

काळ्या आणि लॅटिनो नागरिकांनी वेगवेगळे खटले भरले, पुढे ते एकत्र चालले. 'केचम विरुद्ध बर्न' या नावाने तो खटला ओळखला जातो. १९८२ च्या अखेरीस खालच्या कोर्टाने नकाशा मतदान हक्काच्या कायद्याविरुद्ध ठरवला, पण दुरुस्ती फार तोकडी केली. १९८४ साली वरच्या कोर्टाने ती अपुरी ठरवली. त्या निकालात एक हिशेब आहे, तो आम्हाला अजून शहाणपणाचा वाटतो. कोर्ट म्हणाले, वॉर्डात नुसते पन्नास टक्के लोक असून भागत नाही. या समाजांत मुले जास्त, म्हणून पाच टक्के वाढवा. मतदार नोंदणी कमी, आणखी पाच. नोंदलेलेही मतदानाला कमी जातात, अजून पाच. झाले पासष्ट. लॅटिनो वस्तीत ज्यांच्याकडे नागरिकत्वच नाही असेही बरेच, तिथे तर याहून जास्त लागेल. तोवर आम्ही समजत होतो की लोकशाही म्हणजे निम्म्याहून एक अधिक. डोके आणि मत यांच्यामध्ये किती पायऱ्या असतात, हे त्या पासष्टच्या आकड्याने शिकवले.

कोर्टात तारखा पडत असताना इकडे १९८३ उजाडले. जेन बर्न, थोरल्या डेलींचे चिरंजीव रिचर्ड एम. डेली आणि काँग्रेसमन हॅरल्ड वॉशिंग्टन अशी तिरंगी लढत डेमोक्रॅटिक पक्षातच झाली. गोरी मते दोघांत वाटली गेली आणि वॉशिंग्टन पुढे आले. मग एप्रिलच्या मुख्य निवडणुकीत अनेक जन्माचे डेमोक्रॅट अचानक रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांच्या बाजूला गेले. 'एप्टन – वेळ निघून जाण्याआधी', ही घोषणा होती. वेळ कसली, हे कोणी उघड बोलत नव्हते आणि सगळ्यांना कळत होते. वॉशिंग्टन सुमारे ४८ हजार मतांनी जिंकले, शिकागोचे पहिले काळे मेयर झाले.

पण मेयर जिंकला म्हणजे शहर जिंकले असे नव्हे. २ मे १९८३ ला कौन्सिलची पहिली खरी बैठक झाली. दहाव्या वॉर्डाचे एडवर्ड व्हर्डोलियाक आणि चौदाव्याचे एडवर्ड बर्क या दोन एडवर्डांनी २९ जण बांधून ठेवले होते, २८ गोरे आणि एकटे लॅटिनो ऑल्डरमन. मेयरकडे २१: सोळा काळे, पाच गोरे. बहुमत नाही हे पाहून मेयरनी बैठक तहकूब केली आणि ते बाहेर पडले. एकोणतीस जण तिथेच बसून राहिले आणि त्यांनी सगळ्या समित्या आपसांत वाटून घेतल्या. कोर्टाने ते वैध ठरवले. पुढची तीन वर्षे मेयरने नेमलेल्या माणसांच्या नेमणुका अडकून पडल्या, अंदाजपत्रकावर हाणामाऱ्या झाल्या. एकोणतीस जणांनी ठराव करायचा, मेयरनी नकाराधिकार वापरायचा, आणि तो मोडायला चौतीस मते लागतात, ती यांच्याकडे नाहीत! रोज संध्याकाळी बातम्यांत आरडाओरडा. एका विनोदी कलाकाराने त्या वेळच्या गाजलेल्या अंतराळयुद्धाच्या सिनेमावरून 'कौन्सिल वॉर्स' असे नाव ठेवले आणि ते चिकटले.

आमची स्वतःची परिस्थिती यात मोठी मजेशीर होती. आम्ही ५० व्या वॉर्डात. आमचे ऑल्डरमन बर्नार्ड स्टोन, १९७३ पासून त्या खुर्चीवर, एकोणतीसांपैकी एक. शेजारच्या ४९ व्या वॉर्डाचे डेव्हिड ऑर, एकवीसांपैकी एक. म्हणजे फिरायला बाहेर पडलो की आम्ही शत्रुराष्ट्रात जाऊन चहा पिऊन परत यायचो. आपल्या मंडळींत सरळ दोन तट होते आणि खरे सांगायचे तर सगळी मते आज मिरवण्यासारखी नव्हती. काही जण काळ्या मेयरबद्दल जे बोलत ते त्यांच्या गोऱ्या सहकाऱ्यांकडून जसेच्या तसे उचललेले असे. स्वतः ज्या देशात दहा वर्षांपूर्वी कोणत्या चौकोनात बसायचे ते ठरत नव्हते, तिथे आपण इतक्या लवकर एका बाजूचे कसे झालो, याचा विचार तेव्हा फार कमी जणांनी केला. आम्हीही नाही केला.

१९८५ अखेर कोर्टाने अंतिम आदेश दिला. सात वॉर्डांच्या सीमा बदलल्या: १५, १८ आणि ३७ मध्ये काळ्यांचे, तर २२, २५, २६ आणि ३१ मध्ये लॅटिनोंचे भक्कम बहुमत. आणि पुढच्या निवडणुकीची वाट न पाहता याच सात वॉर्डांत १८ मार्च १९८६ ला खास मतदान. सात जागा. मेयरला त्यातल्या चार मिळाल्या तर २९–२१ चे २५–२५ होणार, आणि बरोबरी झाली की निर्णायक मत मेयरचे. सातपैकी चार. बस्स.

बाविसाव्या वॉर्डाची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण तिच्यात रक्त सांडले आहे. मेक्सिकन कामगारांची ही वस्ती, 'लिटल व्हिलेज'. १९८३ साली रूडी लोसानो नावाचा कामगार संघटक तिथे ऑल्डरमनसाठी उभा होता, जुन्याच नकाशात. फेरमतदान घडवून आणायला त्याला अवघी १७ मते कमी पडली. सतरा! आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याच्या राहत्या घरी, स्वयंपाकघरात, गोळ्या घालून त्याचा खून झाला. १९८६ साली नव्या सीमांच्या आत त्याचा सहकारी हेसूस गार्सिया, ज्याला सगळे 'चुई' म्हणतात, उभा राहिला आणि निवडून आला. ३७ व्या वॉर्डात पर्सी जाइल्स जिंकले. हे दोघे मेयरचे. १८, २५ आणि ३१ या तीन वॉर्डांत मात्र विरोधी गटाची माणसे निवडून आली. म्हणजे नकाशा बदलला की निकाल आपोआप बदलतो, असे समजणाऱ्यांना तीन ठिकाणी चपराक बसली. पंचविसाव्या आणि एकतिसाव्या वॉर्डात लॅटिनोच जिंकले, पण व्हर्डोलियाकांच्या बाजूचे. नकाशा समाजाला आपला माणूस निवडायची संधी देतो. तो माणूस कोणत्या बाकावर बसेल, हे नकाशा ठरवत नाही.

राहिले १५ आणि २६. पंधराव्यात कोणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत, तेव्हा फेरमतदान ठरलेच होते. सगळ्या शहराचे डोळे लागले सव्विसाव्याकडे.

हम्बोल्ट पार्कच्या परिसरातला हा वॉर्ड, मुख्यतः पोर्तो रिकन लोकांचा. मेयरचे उमेदवार लुईस गुटिएरेझ. समाजसेवक, कधी काळी टॅक्सी चालवलेले, १९८४ साली ३२ व्या वॉर्डातल्या पक्षाच्या पदासाठी थेट काँग्रेसमधले दिग्गज डॅन रोस्टेनकोव्स्की यांच्याशी भिडून हरलेले. समोर मशीनचे मॅन्युएल टॉरेस. दोघेही पोर्तो रिकनच. मतमोजणी झाली आणि गुटिएरेझ पुढे निघाले ते जेमतेम वीसेक मतांनी. आपल्या गणपतीच्या आरतीला पहिल्या रांगेत याहून जास्त माणसे असतात! आणि तेवढ्यानेही भागले नाही. कारण मतपत्रिकेवर छापलेले नसलेले एक नाव काही थोड्या मतदारांनी हाताने लिहिले होते. ती चिमूटभर मते धरली की गुटिएरेझ यांचा आकडा अर्ध्याच्या पलीकडे जात नव्हता. इथला नियम असा की निम्म्याहून अधिक मते नसतील तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. २९ एप्रिल ही तारीख पडली.

ते सहा आठवडे आम्हाला चांगले आठवतात. अवघ्या शिकागोचा कारभार एका वॉर्डाच्या काही गल्ल्यांवर येऊन ठेपला होता. दोन्ही बाजूंची माणसे शहरभरातून तिथे उतरली, दारोदार फिरली. त्या प्रचारातला एक प्रसंग आमच्या घराघरांत गाजला. दोन्ही उमेदवारांचा स्पॅनिश टेलिव्हिजनवर स्पॅनिशमधून वादविवाद ठेवला होता. गुटिएरेझ यांची जीभ सराईत. टॉरेस यांना ती भाषा नीट येत नव्हती. आपल्याच लोकांपुढे, आपल्याच भाषेत, ते अडखळत राहिले. आणि यातली आणखी गंमत म्हणजे गुटिएरेझही काही भाषा घेऊन जन्मले नव्हते. त्यांचा जन्म इथलाच, शिकागोचा. मुलगा पंधराच्या आसपासचा असताना आईवडील पोर्तो रिकोला परत गेले, तेव्हा त्याला धड स्पॅनिश येत नव्हते. तिथल्या शाळेत मान खाली घालून तो शिकला.

आता हे ऐकल्यावर दिवानच्या मागच्या गल्लीतल्या तीन बिऱ्हाडांनी काय केले असेल, ते सांगायला नको. पुढच्याच रविवारी मुलांना ओळीने बसवून बाराखडी सुरू झाली. "निवडणुकीला उभी राहिलीस आणि मराठीत वाद घालायची वेळ आली तर काय करशील?" असा जाब एका सात वर्षांच्या मुलीला विचारला गेला. तिने इंग्रजीत उत्तर दिले की ती उभीच राहणार नाही. तो वर्ग तीन रविवार चालला.

२९ एप्रिलला पंधराव्या वॉर्डात मार्लीन कार्टर यांनी बसलेल्या ऑल्डरमनला हरवले आणि सव्विसाव्यात गुटिएरेझ जिंकले, या वेळी मात्र वीसेक नव्हे, काही शेकडा मतांनी. एकवीस अधिक चार, पंचवीस. मे महिन्यात नवे सभासद शपथ घेऊन बसले, पंचवीस विरुद्ध पंचवीस, आणि मेयरनी आपले मत टाकले. तीन वर्षे कपाटात पडलेल्या नेमणुका बाहेर निघू लागल्या. उद्यानांचे खाते वर्षानुवर्षे मशीनच्या मुठीत होते. त्याच्या मंडळावर मेयरची माणसे आली आणि वास्तुविशारद वॉल्टर नेत्श अध्यक्ष झाले. निवडणूक कोणत्या वॉर्डात झाली, आणि बाग कोणाची सुधारणार!

पुढचे थोडक्यात. १९८७ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन दुसऱ्यांदा निवडून आले, व्हर्डोलियाक यांनाच हरवून. आणि २५ नोव्हेंबरला सिटी हॉलमध्ये आपल्या मेजापाशीच कोसळून गेले. आमच्या शेजारच्या वॉर्डाचे डेव्हिड ऑर आठवडाभर हंगामी मेयर होते. मग कौन्सिलची ती प्रसिद्ध रात्र. बाहेर हजारो माणसे, आत पहाटेपर्यंत खल. सहाव्या वॉर्डाचे यूजीन सॉयर मेयर झाले, जुन्या विरोधकांच्या पाठिंब्याने. आकडा किती? २९ विरुद्ध १९. आमच्यापैकी एक जण पहाटेपर्यंत टीव्हीपुढे बसून होते. सकाळी त्यांनी तिन्ही घरांची दारे वाजवून एवढेच सांगितले, "पुन्हा एकोणतीस!"

नकाशाचे भांडण मात्र संपले नाही, दर दहा वर्षांनी नव्याने उकळते. ४१ ऑल्डरमनांचे एकमत झाले तर नकाशा मंजूर, नाहीतर प्रकरण थेट मतदारांपुढे. १९९२ साली तसे जावे लागले आणि लोकांना दोन नकाशांतून एक निवडायचा होता. कोणत्या मतदाराने दोन्ही नकाशे उघडून पाहिले असतील, कोण जाणे! २०१२ साली नेमकी ४१ मते पडली. २०२२ सालच्या नकाशात चायनाटाउन आणि ब्रिजपोर्ट धरून ११ वा वॉर्ड आशियाई बहुमताचा झाला, शहरातला असा पहिला. गुटिएरेझ १९९२ साली काँग्रेसवर निवडून गेले, कानाला लावायच्या थंडीच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या मतदारसंघातून. उत्तरेची पोर्तो रिकन वस्ती आणि दक्षिणेची मेक्सिकन वस्ती यांना हायवेच्या बारीक पट्टीने जोडले होते. २०१९ साली ते निवृत्त झाल्यावर त्या खुर्चीवर कोण आले? चुई गार्सिया.

आपले काय, असे विचाराल. २०११ साली ४७ व्या वॉर्डातून अमेय पवार निवडून आले, पन्नास टक्क्यांची रेषा थोडक्यात ओलांडून, फेरमतदान टाळून. शिकागोच्या कौन्सिलवर निवडून गेलेले पहिले भारतीय वंशाचे, किंबहुना पहिले आशियाई वंशाचे सभासद. आडनावावरून काही सांगायला नकोच. तो वॉर्ड आपल्या वस्तीचा मुळीच नव्हे, तिथे वाण्याचे दुकान शोधावे लागेल. त्याच वर्षी आमच्या ५० व्या वॉर्डात स्टोन अखेर हरले, पण तोवर आम्हाला तिथून जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. मुलांच्या शाळा आणि दोन गाड्यांचे गॅरेज यांच्यामागे १९८९ पर्यंत तिन्ही बिऱ्हाडे उपनगरांत पांगली. १९९० च्या फॉर्मवर आम्ही सगळी नावे न घाबरता लिहिली, भाच्याचे लग्न झाले होते म्हणून त्याच्या बायकोचेही. पण ती डोकी आता शिकागोच्या कोणत्याच वॉर्डात मोजली गेली नाहीत.

२०१९ च्या जूनमध्ये, खानेसुमारीच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा प्रश्न घालायचा बेत सुप्रीम कोर्टाने अडवला, तेव्हा आमच्या फोनवर दिवसभर चर्चा चालली होती. तरुण मंडळींना वाटले, म्हातारे एका प्रश्नासाठी एवढे का हळहळतात? घाबरून नावे गाळणारी घरे कशी असतात, ते आम्हाला विचारा.

भाचा आता साठी ओलांडून बसला आहे. कोजागिरीला तोही होता. हा सगळा विषय निघाला तेव्हा दुधाचा पेला हातात घेऊन त्याने जुनीच तक्रार काढली: "मामी, १९८० साली मी या देशात नव्हतोच म्हणे!" नातीने ताबडतोब फोनवर शोधून सांगितले की खानेसुमारीचे कागद ७२ वर्षांनी सगळ्यांना पाहायला खुले होतात, म्हणजे आमचा तो फॉर्म २०५२ साली निघेल. आम्ही तेव्हा नसणार हे उघड आहे. तिने मात्र वहीत तारीख लिहून ठेवली आहे, आणि तिच्याखाली दोन नावे. गाळलेली.